मागातली शेड आणि मागावरची शेड

या महिन्यातली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच शब्दाची आहेत. गेल्या अंकात एका वाचकानं 'शेड' या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला होता. जागा कमी होती म्हणून 'पत्र्याचं छप्पर, आडोसा' एवढंच लिहून मी पुढं गेले. सोलापूरच्या वाचकांची एवढ्यावर बोळवण करायला नको होती. म्हणून आज बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून हा एकच शब्द घेते.

प्रश्न : बाई, मी टेक्स्टाइल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचे घरचे आठ माग आहेत. घरी 'शेड' म्हणजे माग बसवलेली जागा. पुस्तकात 'शेड' म्हणजे धाग्यांमध्ये पडणारी फट. डिक्शनरी उघडली तर पानं गळणे, अश्रू ढाळणे, कात टाकणे! मैत्रीण म्हणते, इंग्रजीत एका शब्दाला कितीही अर्थ असतात, पाठ करून टाक. खरंच पाठच करायचं का?
– एक विद्यार्थिनी, अशोक चौक परिसर

पाठ करू नकोस. आधी मागाजवळ जा.

जेवणाच्या सुट्टीत माग बंद असेल तेव्हा वडिलांना बाजूचं चाक हातानं हळूहळू फिरवायला सांग. तू समोर बस आणि डोळे फणीच्या पातळीला आण. मागच्या बीमवरून येणारा ताणा, म्हणजे उभे धागे, आधी एका पदरासारखा सपाट दिसेल. चाक थोडं फिरलं की त्यातले काही धागे वर उचलले जातील आणि उरलेले खाली दबतील. आता पदर दोन झाले. दोघांच्या मध्ये फणीच्या बाजूला रुंद आणि कापडाकडे निमुळती होत गेलेली पाचरीसारखी जागा दिसेल. तिकडून उजेड आला तर ती आरपार दिसते. हीच तुझ्या पुस्तकातली शेड. धोटा, म्हणजे सुताची नळी वाहणारी होडी, तिच्यातून बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा ओढत पलीकडे जातो, फणी पुढे येऊन तो ठोकते, जागा मिटते आणि वरचे धागे खाली, खालचे वर होतात. साध्या यंत्रमागावर हे मिनिटाला शंभराहून जास्त वेळा चालतं, म्हणून चालू मागावर ते कधी दिसत नाही. पुस्तकात ज्या तीन मुख्य क्रिया दिल्यात, शेडिंग, पिकिंग आणि बीटिंग-अप, त्या एवढ्याच आहेत. वाट पाडायची, धोटा फेकायचा, ठोकायचं.

आता तुझ्याच शब्दांत सांग, चाक फिरल्यावर काय झालं? एक होतं त्याचे दोन झाले. हाच या शब्दाचा गाभा आहे. जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वी, हे क्रियापद 'वेगळं करणं, विभागणं' या अर्थानं वापरत. जर्मन भाषेत त्याचं भावंड 'शायडन' अजून त्याच अर्थानं नांदतं आहे, आणि घटस्फोटाला जर्मन माणूस 'शायडुंग' म्हणतो. स्कॉटलंडमध्ये डोक्यावरच्या भांगालासुद्धा 'शेड' म्हणत आले आहेत. आईनं तुझी वेणी घालताना फणीच्या टोकानं जी रेघ पाडली असेल ती आठव आणि मागाच्या फणीपाशी पडणारी फट आठव. दोन्हीकडे फणी आहे आणि दोन्हीकडे दुभंगलेले धागे आहेत. तिकडे मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या स्पर्धा भरतात, त्यात कळपातून ठरावीक मेंढरं बाजूला काढून दाखवावी लागतात. त्या भागाचं नाव 'शेडिंग'. माळशिरस-सांगोल्याकडचा धनगर हे काम रोज करतो, त्याला त्याची स्पर्धा असते हे ऐकून नवल वाटेल.

आणखी एक गोष्ट सांगते, ती कळली त्या दिवशी मला झोप लागली नव्हती. भाषांची कुळं शोधणारे अभ्यासक या इंग्रजी क्रियापदाचं मूळ ज्या प्राचीन धातूपर्यंत नेतात, तिथूनच संस्कृतातला 'छिद्' निघाला आहे. छेद, छिद्र, विच्छेद हे सगळे शब्द त्याचे. तुमच्याकडे चादरीचा जेकार्ड माग असेल तर वर टांगलेली भोकं पाडलेल्या पत्त्यांची माळ बघ. फ्रान्समधल्या लिऑं गावच्या जोसेफ मारी जाकार यानं १८०४ च्या सुमारास ही युक्ती बसवली, त्याच्या नावाचाच आपण जेकार्ड केला. पत्त्याला जिथं छिद्र आहे तिथला धागा वर जातो, जिथं नाही तिथला खालीच राहतो, आणि अशा पत्त्यामागून पत्त्यानं चादरीवर मोर उमटतो. म्हणजे छिद्रानं शेड पडते. हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेले दोन शब्द सोलापूरच्या एका मागावर पुन्हा एकमेकांशेजारी येऊन बसले आहेत.

पुढचे अर्थ आता सरळ येतात. स्वतःपासून काही वेगळं केलं की ते खाली पडतं. म्हणून झाड पानं 'शेड' करतं आणि साप कात. इथं एक बारकावा मात्र ध्यानात ठेव. मराठीत आपण 'पानं गळतात' म्हणतो, तिथं कर्ता पान आहे. इंग्रजीत कर्ता झाड आहे. आणि वनस्पतिशास्त्र इंग्रजीच्या बाजूनं आहे, कारण पान गळायच्या आधी झाड स्वतः देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार करतं आणि तिथून पान सुटतं. फाल्गुनात आपल्याकडचा कडुनिंब पिवळा पडून अंगण भरून टाकतो तेव्हा नुसता वारा पानं तोडत नसतो. झाडानं ती आधीच सोडलेली असतात. सापाच्या बाबतीत मात्र मराठी आणि इंग्रजीचं एकमत आहे. साप कात 'टाकतो'.

फट नीट पडणं किती मोलाचं असतं ते मला व्याकरणाच्या कितीतरी आधी कळलं. माझे वडील इथल्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे, होते. त्यांच्या डाव्या भुवईतून एक पांढरी रेघ गेली होती आणि तिथं केस पुन्हा उगवले नाहीत. धोटा उडून लागला होता. लहानपणी मला वाटायचं, धोटा मनात आलं की उडतो. मी आठवीत असताना त्यांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांसमोर धरून मला दाखवलं. वर जायचे धागे सगळे वर गेले नव्हते. चार-सहा सैल धागे मधेच लोंबत राहिले. धोट्याचं लोखंडी टोक त्यांच्यावर चढलं आणि धोटा वाट सोडून बाहेर आला. "शेड साफ नव्हती," एवढंच ते म्हणाले. त्या साच्याची तक्रार त्यांनी दोन दिवस आधी केली होती, पण बघायला कुणी आलं नव्हतं. टाके पडले आणि बुडालेल्या दिवसांचा पगारही कापला गेला. पुढं मी इंग्रजीची शिक्षिका झाले आणि विणकामाचं एक इंग्रजी पुस्तक हातात आलं. त्यात 'क्लिअर शेड' हेच शब्द होते. चौथी शिकलेल्या माझ्या वडिलांनी इंग्रजी शब्द त्याच्या नेमक्या अर्थानं वापरला होता. हे त्यांना सांगायला ते तेव्हा नव्हते.

राहिली तुझ्या घरची शेड, माग बसवलेली. ती या कुटुंबातली नाहीच. तो वेगळा शब्द आहे, योगायोगानं स्पेलिंग सारखं झालं. बहुतेक कोशकार तिला मधे ए अक्षर असलेल्या 'शेड', म्हणजे सावली, या शब्दाचं बदललेलं रूप मानतात. आधी डोक्यावर सावली धरणारं छप्पर, मग छपराखालची जागा, मग गुरांची, सायकलींची, रेल्वे इंजिनांची. १८७७ साली सोलापुरात पहिली कापड गिरणी उभी राहिली, तिला आपण अजून 'जुनी गिरणी' म्हणतो. तेव्हापासून या गावात लूमशेडवर लूमशेड वाढत गेल्या. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशीच्या पुढं गेलेला असताना पत्र्याखाली किती सावली मिळते हे तुला मी सांगायला नको. पण शब्द सावलीतूनच आला आहे.

चांगल्या डिक्शनरीत असे दोन शब्द दोन वेगळ्या नोंदींत असतात आणि प्रत्येकाच्या खांद्यावर बारीक अक्षरात १, २ असे आकडे असतात. यापुढे आधी तो आकडा बघत जा. तो कुळाचा आकडा आहे. त्याच्या खाली ठळक अक्षरात जे क्रमांक येतात ते अर्थांचे. मुलं हे दोन्ही एकत्र करतात आणि मग त्यांना वाटतं की इंग्रजीत कशालाही काहीही म्हणतात.

प्रश्न : आमच्या वडिलांनी 'लोडशेडिंग' या शब्दाचा जन्मभर राग केला. सरकारी कागदावर 'भारनियमन' असतं. यातला 'शेडिंग' कोणता? आणि दोन्हींत बरोबर शब्द कोणता?
– एक यंत्रमागधारक, अक्कलकोट रस्ता

हा पहिल्या कुटुंबातला, टाकण्याचा. लोड म्हणजे विजेवरचा भार आणि शेडिंग म्हणजे तो अंगावरून उतरवणं.

वीज पोत्यात भरून ठेवता येत नाही. या क्षणी जितकी लागते तितकी याच क्षणी तयार व्हावी लागते. मागणी जास्त झाली की वीजकेंद्रातली जनित्रं दमतात, त्यांचा वेग उतरतो आणि ५० हर्ट्झची वारंवारता खाली सरकू लागते. ती फार खाली गेली तर जनित्रं वाचवण्यासाठी केंद्रं आपोआप बंद होतात. मग उरलेल्यांवर आणखी भार पडतो, तीही बंद होतात आणि सगळं जाळं बसतं. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तरेकडची राज्यं अंधारात गेली तेव्हा जाळं बसणं म्हणजे काय ते देशानं पाहिलं. तसं होऊ नये म्हणून आधीच काही फीडर, म्हणजे एकेका भागाला वीज नेणाऱ्या वाहिन्या, तोडतात. घाट चढताना बैल गुडघे टेकायला लागले की गाडीवान दोन पोती रस्त्याच्या कडेला उतरवतो, तसंच हे.

म्हणून माझं मत विचाराल तर इंग्रजी शब्द जास्त सरळ आहे. कुणाचा तरी भार उतरवला आहे हे तो कबूल करतो. 'भारनियमन' ऐकताना वाटतं की कुठंतरी कुणी काटा धरून सगळ्यांना सारखं वाटप करतो आहे. नियम तर होताच, त्याचं वेळापत्रक वर्तमानपत्रात छापून यायचं आणि ते कापून मागाशेजारच्या भिंतीला चिकटवलेलं मी अनेक घरांत पाहिलं आहे. पण रस्त्याच्या कडेला उतरवलेलं पोतं दर वेळी मागांच्या पूर्व भागातलंच का, हा प्रश्न 'नियमन' या शब्दात बुडून जातो. तुमच्या वडिलांचा राग तिथं असावा, शब्दावर नसावा.

त्या वर्षांतली एक दुपार माझ्या डोळ्यांसमोर आहे. पुरवणी परीक्षेला बसणाऱ्या एका मुलीला शिकवायला मी तिच्या घरी गेले होते. मागांच्या आवाजात बोलताच येत नव्हतं, म्हणून आम्ही पाटीवर लिहून बोलत होतो. एकदम वीज गेली. खडखडाट थांबला आणि पत्र्यावर कबुतरं चालत होती ती ऐकू आली. मी जवळच्या मागापाशी गेले. ताणा अर्धा वर, अर्धा खाली, तसाच थांबला होता. फट उघडी, आणि धोटा तिच्या मधोमध, ना अलीकडे ना पलीकडे. लोडशेडिंगनं शेडमधल्या मागाची शेड उघडी ठेवली होती. त्या मुलीला मी त्या दिवशी तिन्ही शब्द तिथंच दाखवले. तिला त्यांची उजळणी कधी करावी लागली नाही.

जाता जाता, इंग्लंडच्या बातम्यांत 'ट्रकनं लोड शेड केला' असं वाचलंत तर तिथं कुणी मुद्दाम काही उतरवलेलं नसतं. माल रस्त्यावर सांडलेला असतो. या शब्दात हेतू गृहीत धरू नये, तो वाक्यात शोधावा.

प्रश्न : माझ्या मुलानं पेपरात भूतकाळ करताना 'शेडेड' लिहिलं. बाईंनी नुसती फुली मारली. बरोबर काय ते लिहिलं नाही. तुम्ही सांगाल का?
– एक पालक, जुळे सोलापूर

'शेड'च. वर्तमान, भूत आणि तिसरं रूप, तिन्ही सारखी, जशी कट आणि पुट यांची. काळ ओळखायची खूण एकच. 'ती' किंवा 'तो' कर्ता असताना शेवटी एस लागला असेल तर वर्तमान, नसेल तर भूत. 'शेडेड' हा उच्चारही इंग्रजीत आहे, पण तो सावलीच्या शब्दाचा, मधल्या ए अक्षराचा. 'छायांकित भागाचे क्षेत्रफळ काढा' असं गणितात येतं ना, तिथला. मुलाला सांगा, त्याची चूक विचार करून झालेली आहे, नियम लावून झालेली आहे. अशा चुकीपुढे बरोबर रूप लिहायला शिक्षकाला चार सेकंद लागतात, आणि ते लिहायलाच हवं होतं.

प्रश्न : मी बार्शी तालुक्यात शिक्षक आहे. आमच्या शिवारात 'पाणलोट क्षेत्र विकास'चा बोर्ड आहे, त्याखाली इंग्रजीत 'वॉटरशेड'. इंग्रजीच्या धड्यात मात्र 'वॉटरशेड' म्हणजे इतिहासाला वळण देणारी घटना. मुलांना काय सांगू?
– एक शिक्षक

गुरुजी, तुम्ही अशा जागी राहता की मुलांना घेऊन चालत जाऊन दाखवता येईल.

इथलं 'शेड' विभागण्याचंच. 'वासरशायडे' या जर्मन शब्दावरून तो इंग्रजीत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडला. अर्थ पाणी विभागणारी रेघ. बार्शीहून येडशीकडे जाताना चढ लागतो तो बालाघाटच्या रांगेचा. ही रांग गोदावरीचं पाणी आणि भीमेचं पाणी यांच्यातला बांध आहे. माथ्यावर पाऊस पडला की अलीकडच्या उताराचं पाणी सीनेकडे, तिथून भीमेत आणि मग कृष्णेत जातं. पलीकडच्या उताराचं मांजरेकडे आणि तिथून गोदावरीत. दोन थेंब वीतभर अंतरावर पडले तरी त्यांची पुन्हा गाठ बंगालच्या उपसागरातच. ती माथ्यावरची रेघ म्हणजे मूळ 'वॉटरशेड'. मराठीत तिला जलविभाजक म्हणतात. इतिहासातल्या घटनेला हा शब्द लावतात तो या रेघेवरून. तिच्या अलीकडचं सगळं एकीकडे वाहतं, पलीकडचं दुसरीकडे.

घोटाळा पुढं झाला. अमेरिकेत रेघेऐवजी दोन रेघांमधल्या सगळ्या क्षेत्रालाच 'वॉटरशेड' म्हणू लागले. आपल्या सरकारी योजनांत तोच अर्थ आला आणि त्याचं 'पाणलोट क्षेत्र' झालं. तुमच्या बोर्डावरचं भाषांतर चुकलेलं नाही, पण ते माथ्याचं नाही, ओंजळीचं आहे. ब्रिटिश टीव्हीवर रात्री नऊची वेळ 'वॉटरशेड' म्हणून ओळखली जाते, लहान मुलांना न दाखवायचे कार्यक्रम त्यानंतर. तीही रेघच, घड्याळावरची.

मुलांना फळ्यावर काही लिहून देऊ नका. पहिल्या मोठ्या पावसानंतर माथ्यावर न्या आणि दोन्ही उतारांवर कागदाची एकेक होडी सोडायला लावा.

प्रश्न : आमची रोपवाटिका आहे. 'शेडनेट'च्या बोर्डावर पेंटरनं एस-एच-ई-डी लिहिलं. मुलगी म्हणते चूक आहे. पेंटर म्हणतो, नेट टाकून शेडच तर केलीय. कोण बरोबर?
– एक वाचक, मोहोळ

मुलगी. जाळी ५० टक्के किंवा ७५ टक्के ऊन अडवते, म्हणून विकताना टक्के सांगतात. ती सावलीची जाळी आहे, तिला ए आणि शेवटी ई लागतो. पण पेंटरला रागावू नका. वर म्हटलं तसं, छपराची शेड मुळात सावलीचीच, तेव्हा तो चारशे-पाचशे वर्षं मागं जाऊन बरोबर आहे.

दोष आपल्या लिपीचा आहे. देवनागरीत ऱ्हस्व 'ए' नाही. सूत रंगवणाऱ्याकडचं शेडकार्ड, चित्रातलं शेडिंग, नाटकातल्या पात्राची ग्रे शेड, हे सगळे सावलीचे. पत्र्याची शेड आणि लोडशेडिंग वेगळे. मराठीत सगळ्यांना एकच मात्रा, आणि लिहिताना जे एक झालं ते हळूहळू बोलतानाही एक होतं. तेलुगू आणि कन्नड लिप्यांत ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए' ही दोन वेगळी अक्षरं आहेत. माझ्या वर्गात तेलुगू विणकरांच्या पद्मशाली घरातली आणि अक्कलकोटकडची कानडी मुलं असायची. ती हे दोन्ही शब्द न शिकवता वेगळे म्हणायची आणि आम्ही मराठी घरातली माणसं अडखळायचो. इंग्रजी उच्चार सुधारायला मी पुण्याच्या कॅसेट आणायचे, आणि ते शिकवणारी मुलं तिसऱ्या बाकावर बसलेली होती. तुमच्या गल्लीत कुणी तेलुगू आजी असेल तर मुलीला तिच्याकडून हे दोन 'ए' एकदा म्हणून घ्यायला सांगा.

प्रश्न : 'शेड लाइट' म्हणजे 'प्रकाश टाकणे' आणि 'शेड ब्लड' म्हणजे 'रक्त सांडणे'. एकच क्रियापद असून मराठीत दोन का? आणि रक्त आपलं की दुसऱ्याचं?
– एक वाचक, पंढरपूर

मराठीला काय पडतं त्याची फिकीर आहे म्हणून. अश्रू ढाळतो, रक्त सांडतो, कात टाकतो, पिसं झडतात, वजन उतरवतो. इंग्रजीत या सगळ्यांना एक क्रियापद पुरतं. भाषांतर करताना कर्म बघून क्रियापद निवडा. 'वजन टाकलं' लिहिलंत तर वाचणारा खाली बघेल.

रक्ताचा तुमचा प्रश्न मात्र मोठा आहे. इंग्रजीत दोन्ही चालतं. देशासाठी स्वतःचं रक्त 'शेड' करणारा आणि दुसऱ्याचं करणारा, शब्द तोच. कुणाचं, हे लिहावंच लागतं. 'ब्लडशेड' या नामात तर तेही बुजतं, फक्त रक्तपात उरतो. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात गोळीबार झाला आणि मार्शल लॉ लागला. त्याबद्दल कुणी इंग्रजीत लिहिताना 'सोलापुरात ब्लडशेड झालं' एवढ्यावर वाक्य संपवलं, तर गोळी कुणी झाडली आणि कुणाला लागली हे दोन्ही त्यात नाही. माझ्या विद्यार्थ्यांच्या निबंधातलं असं वाक्य मी नेहमी परत करायचे. कर्ता घाल, कर्म घाल, मग आण.

प्रश्न : बाई, गेल्या महिन्यात प्रश्न मीच पाठवला होता. छप्पर मला माहीत होतं. मला मागातल्या फटीला मराठी शब्द हवा होता. नाहीच का?
– एक निवृत्त कामगार, साखर पेठ

काका, तुमचा प्रश्न मी नीट वाचला नाही, क्षमा करा.

छापील परिभाषेतला एखादा शब्द देऊन मी सुटणार नाही, कारण मागावर तो कुणी उच्चारत नसेल तर त्याचा तुम्हाला उपयोग नाही. गेले पंधरा दिवस मी विचारत फिरले. हातमागावर बसलेल्या दोघांनी 'शेड'च म्हटलं. आमच्या शेजारच्या तेलुगू मावशींना ताणा-बाण्याला 'पडुगू' आणि 'पेका' हे शब्द चटकन आले, पण फटीशी त्याही थांबल्या आणि हातानंच दाखवलं, दोन तळवे एकमेकांपासून उघडून.

माझ्या आईचा एक शब्द आहे, तो देते. ती घरी कांड्या, म्हणजे धोट्यातल्या सुताच्या नळ्या, भरायची. वडील रात्रपाळीहून आले की जेवताना साच्याच्या गोष्टी निघायच्या. ताणा कसा लागला, किती धागे तुटले, जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, काय म्हणाला. वडील 'शेड' म्हणायचे, आई कधीच नाही. भुवईला टाके पडले त्या रात्री ती हळद घेऊन त्यांच्यासमोर बसली होती आणि परत परत एकच विचारत होती, "धोट्याची वाट कुणी बघितली नव्हती का?"